भिंत कुठल्या पाण्याने ओली झालीये ते आधी शोधा, मग मालकाला फोन करा

मे महिन्यात भाड्याचं घर बघायला जाणाऱ्या प्रत्येकाला मला एक सांगायचंय. स्टेशन किती लांब, पाणी किती वाजता येतं, लिफ्ट चालू आहे का हे सगळं विचाराच, पण त्यासोबत भिंतीतली कपाटं उघडून आत वास घ्या आणि पश्चिमेच्या भिंतीवरून एकदा हात फिरवून बघा. मेमध्ये डोंबिवली काय, ठाणे काय, विरार काय, सगळी घरं कोरडीठाक असतात. आधीचे भाडेकरू गेल्यावर मालकाने रंगाचा एक हात मारून घेतलेला असतो, खिडकीतून छान वारा येत असतो, एजंट घाई करत असतो की संध्याकाळी अजून एक पार्टी बघायला येणारे, आणि आपण टोकन देऊन मोकळे होतो. घर खरं कसं आहे ते जून संपताना कळतं, आणि तोवर ॲग्रीमेंट रजिस्टर झालेलं असतं, डिपॉझिट गेलेलं असतं आणि मुलांची शाळा सुरू झालेली असते.

तरी मेमध्येसुद्धा घर थोडंफार बोलतं. बाकी सगळ्या भिंती जुन्या आणि एकाच भिंतीला नवा रंग दिसला तर का ते विचारा. स्विचबोर्डच्या स्क्रूला गंज आहे का बघा, कोरड्या भिंतीतला स्क्रू सहसा गंजत नाही. खिडकीच्या मार्बल पट्टीखाली रंग फुगलाय का, कपाटाच्या प्लायचा खालचा कोपरा सुजल्यासारखा झालाय का, बाथरूमच्या पलीकडच्या भिंतीला स्कर्टिंगच्या वर पांढरी पावडर दिसतेय का, म्हणजे लोणा लागलाय का. लोणा म्हणजे भिंतीतून पाणी बाहेर आलं, वाळून गेलं आणि त्यातले क्षार मागे राहिले. रंग मारून डाग झाकता येतो पण लोणा पुन्हा वर येतो. आणि शक्य असेल तर त्याच विंगमधल्या कुणालातरी, मालक किंवा एजंट सोबत नसताना, पावसात काय होतं एवढंच विचारा. लोक मोकळेपणी सांगतात.

आमचं घर डोंबिवली पूर्वेला, दुसऱ्या मजल्यावर, नव्वदच्या दशकातली चार मजली बिल्डिंग. बेडरूमची बाहेरची भिंत थेट पश्चिमेला आणि समोर कुठलीच इमारत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात वारा भरपूर. पण नैर्ऋत्येकडून येणारा पाऊसही मग त्याच भिंतीवर आदळतो, मधे अडवायला काहीच नाही. पाऊस लागल्यावर सुरुवातीला फक्त वास आला, कपाट उघडलं की कुबट वास, जुन्या वह्यांच्या गठ्ठ्यासारखा. मग खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात रंगाला फोड आला, बोटाने दाबला तर आत पाणी, आणि फोड फुटल्यावर खालची पुट्टी ओल्या मैद्यासारखी बोटाला लागली. नंतर भिंतीवर काळे-हिरवे ठिपके, आधी मोहरीएवढे, मग ते एकमेकांना मिळून पसरत गेले. पॅसेजच्या छतावर पिवळट डाग आला तो वेगळाच. आणि मुलाच्या खोलीत, जिथे ना बाहेरची भिंत ना वर कुणाचं बाथरूम, तिथल्या कपाटामागेसुद्धा बुरशी, नवऱ्याचा चामड्याचा पट्टा पांढरा पडलेला, शाळेच्या दप्तराच्या पट्ट्यांवर बुरशी, सासूबाईंनी जपून ठेवलेल्या गोधड्यांना वास.

मालक काका नाशिकला असतात. माणूस वाईट नाही, अजिबात नाही, पण फोनवर पहिलं वाक्य आलं ते हे, "हे बघा ताई, एवढ्या वर्षांत कुणाची तक्रार नाही. तुम्ही कपडे घरात वाळत घालता ना, त्याने होतं. खिडक्या उघड्या ठेवत जा." भाड्याने राहणाऱ्या जवळपास प्रत्येकाने हे वाक्य ऐकलेलं आहे. भिंत मालकाची, पाइप सोसायटीचा, वरचं बाथरूम तिसऱ्याच माणसाचं, आणि दोष मात्र आपल्या दोरीवरच्या कपड्यांचा. मला याचा प्रचंड राग येतो आणि तो राग योग्यच आहे असं मला वाटतं, पण नुसत्या रागाने काका हलणार नव्हते. काकांना पटवायचं तर पाणी कुठून येतंय हे दाखवावं लागणार होतं. आणि ते शोधताना लक्षात आलं की आमच्या एका घरात तीन वेगवेगळ्या ओली आहेत, आणि तिन्हींचा जबाबदार माणूस वेगळा आहे. ही पोस्ट खरं तर एवढ्यासाठीच लिहितेय. ओल म्हणजे एकच काहीतरी असं धरून मालकाशी बोललं की तो एका वाक्यात उडवून लावतो. भिंतीगणिक वेगळं बोललं की त्याला उत्तर द्यावंच लागतं.

सगळ्यात सोपी परीक्षा किचनमधल्या ॲल्युमिनियम फॉइलची. डाग असलेली जागा कोरड्या फडक्याने पुसून घ्यायची, वीतभर फॉइलचा तुकडा लावायचा आणि चारी बाजूंनी टेप घट्ट चिकटवायची, फट राहता कामा नये. एक-दोन दिवसांनी काढून बघायचं. भिंतीच्या बाजूने फॉइल ओली असेल तर पाणी भिंतीतून येतंय, बाहेरून किंवा पाइपातून. खोलीच्या बाजूने ओली असेल तर हवेतला दमटपणा गार भिंतीवर जमा होतोय. आमच्याकडे बेडरूमच्या भिंतीवरची फॉइल काढली तेव्हा मागच्या बाजूने थेंब ओघळले, टेपसुद्धा नीट चिकटून राहिली नव्हती, आणि पुढची बाजू कोरडी. त्याचा व्हिडिओ काढून काकांना पाठवला, फॉइल लावताना एक आणि काढताना एक. त्यानंतर कपडे वाळत घालण्याचा विषय त्या भिंतीपुरता तरी बंद झाला.

मुलाच्या खोलीतलं उलटं निघालं. तिथे फॉइल खोलीच्या बाजूने दमट. त्या भिंतीच्या पलीकडे आमची बेडरूम, आणि बेडरूमच्या एसीचा झोत नेमका त्याच भिंतीवर. रात्रभर एसी चालला की भिंत गार पडते, आणि मुलाच्या खोलीतली जुलैची दमट हवा त्या गार भिंतीला लागली की फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला घाम येतो तसं होतं. कपाट भिंतीला टेकलेलं, मागे हवा खेळायला जागाच नाही. हे काम मालकाचं नव्हतं, ते आम्हीच केलं. एसीची पट्टी वळवली, तापमान २६ वर नेलं, कपाट चार बोटं पुढे ओढलं आणि मागचा भाग पंख्याखाली येईल असं ठेवलं. काकांनाही स्पष्ट सांगितलं की ही भिंत आमच्यामुळे, ती आम्ही बघतो, बाकीच्या दोन तुम्हाला बघाव्या लागतील. असं सांगितल्यावर बोलणं पुष्कळ सोपं झालं, कारण त्यांना कळलं की आपण सरसकट सगळं त्यांच्यावर ढकलत नाही आहोत.

खिडक्या उघड्या ठेवा या सल्ल्याबद्दल पण बोलायला हवं. स्वयंपाक करताना एक्झॉस्ट लावा, अंघोळीनंतर बाथरूमचं दार बंद ठेवून वाफ खिडकीतून बाहेर जाऊ द्या, हे बरोबरच आहे. पण कोकणपट्टीतल्या जुलैत बाहेरच्याच हवेत आर्द्रता ८५-९० टक्के असते, तेव्हा संततधार चालू असताना खिडकी सताड उघडून भिंत कशी वाळणार? पाऊस उघडला, ऊन पडलं की उघडा, तेव्हा फायदा होतो. एरवी पंखा चालू ठेवणं जास्त कामाचं. आर्द्रता मोजायचं छोटं डिजिटल यंत्र काही शे रुपयांत ऑनलाइन मिळतं, हायग्रोमीटर म्हणतात, ते नक्की घ्या. साधारण ६० टक्क्यांच्या आत खोली राहिली तर बुरशी फारशी धरत नाही, ८० च्या वर सतत राहिली की ती येणारच. एसीचा ड्राय मोड थोडी मदत करतो, बजेट असेल तर डीह्युमिडिफायर चांगलाच. कपाटात ठेवायच्या कॅल्शियम क्लोराइडच्या डब्या मिळतात, त्यात खाली पाणी साठतं, त्या बंद कपाटात बऱ्या चालतात. डांबरगोळ्यांनी कसर लागत नाही, ओलीला मात्र काही होत नाही.

आता पॅसेजच्या छताचं. वर तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं बाथरूम. असा डाग दिसला की तो कधी ओला असतो ते बघा. दिवसरात्र सारखाच ओला असेल, पहाटे कुणी उठायच्या आधीसुद्धा, तर बहुतेक भिंतीतली पाण्याची लाइन गळतेय, कारण त्यात पाणी कायम दाबाखाली असतं. अंघोळी झाल्यावर ओला होऊन रात्रीपर्यंत सुकत असेल तर नहाणी ट्रॅप (बाथरूमच्या जाळीखालचा पाणी वाहून जायचा भाग), ड्रेनेजचा जॉइंट नाहीतर टाइल्सच्या फटींतलं ग्राउट गेलेलं असतं. आमचा डाग सकाळी दहाच्या सुमारास गडद व्हायचा आणि रात्री फिका, रोज. खात्री करायची पद्धत प्लंबर मंडळींना माहीत असते, नहाणी ट्रॅप बंद करून बाथरूमच्या फरशीवर दोन-तीन इंच पाणी साठवायचं आणि २४ तास ठेवायचं, पाण्यात थोडा रंग टाकला तर आणखी चांगलं, कारण खाली रंगीत पाणी उतरलं की वाद संपतो. यासाठी वरच्यांची तयारी लागते, आणि एक दिवस स्वतःचं बाथरूम बंद ठेवायला कोण आनंदाने हो म्हणेल. त्या काकूंना मी वर जाऊन तक्रार केली नाही, खाली बोलावून चहा दिला आणि डाग दाखवला, आणि त्या दिवशी अंघोळीला आमचं बाथरूम वापरा म्हटलं. त्यांनाच धक्का बसला, त्यांना कल्पनाच नव्हती. ट्रॅपभोवतीचा सिमेंटचा भरावच गेलेला निघाला. तो खर्च त्यांचा होता आणि त्यांनी तो केला, अगदी सरळपणे. सगळे शेजारी असे नसतात हे मला माहितीये.

सोसायटीचं गणित बऱ्याच भाडेकरूंना माहीत नसतं म्हणून सांगते. राज्यातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांचे जे मॉडेल बायलॉज, म्हणजे नमुना नियम, आहेत त्यात बाहेरून येणारं पावसाचं पाणी, गच्चीची गळती, बाहेरचे सामाईक पाण्याचे आणि ड्रेनेजचे पाइप यांची दुरुस्ती सोसायटीने सोसायटीच्या खर्चाने करायची आहे. फ्लॅटच्या आतलं, म्हणजे टॉयलेट, सिंक, बाथरूममधून होणारी गळती ज्याच्या घरातून होतेय त्या सभासदाने करायची. पण भाडेकरू सभासद नसतो, त्यामुळे आपण अर्ज दिला तर सेक्रेटरी सरळ सांगतात की मालकाला लिहायला सांगा, आणि नियमाने ते चूकही नाहीत. म्हणून आम्ही अर्ज स्वतः टाइप केला, फोटो जोडले, फॉइलचं लिहिलं, काकांना मेल केला आणि त्यांना म्हटलं की तुमच्या नावाने सोसायटीच्या ऑफिसला पाठवा, पोच घ्या. मालक आळसाने करत नाहीत ते काम तयार हातात दिलं की होतं.

काका खरे हलले ते दोन गोष्टींनी. एक म्हणजे स्विचबोर्ड. ओल्या भिंतीतल्या बोर्डाला हात लावल्यावर मला मुंग्या आल्यासारखं झालं, तसा मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियन बोलावला, त्याने सांगितलं की बोर्डाच्या मागच्या डब्यात पाणी आलंय आणि घरात आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच, नाही. हे मी काकांना जसंच्या तसं सांगितलं. ओल्या भिंतीतलं वायरिंग हा जिवाचा प्रश्न आहे, तुमच्याकडे असं होत असेल तर रंगाचं, पोपड्याचं राहू दे, आधी त्या बोर्डाचं कनेक्शन बंद करून घ्या आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी बसवायला लावा, त्याच दिवशी. दुसरं म्हणजे सळई. पाणी स्लॅबमध्ये, बीममध्ये मुरलं की आतली सळई गंजते, गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, आणि मग वरचं काँक्रीट तडकून पोपडे खाली पडतात. आपण भाडेकरू अकरा महिन्यांनी निघून जाऊ, बिल्डिंग काकांची आहे. ३० वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट करावंच लागतं, ते तुमच्या सोसायटीत झालंय का एवढं विचारा म्हटलं, आणि तो प्रश्न त्यांनी कमिटीत विचारला.

भर पावसात बाहेरच्या भिंतीचं काम होत नाही हे सोसायटीचं म्हणणं मात्र खरं होतं. ओल्या प्लास्टरवर कोटिंग धरत नाही. तेवढ्यापुरती गच्चीवरून जाड प्लॅस्टिकची ताडपत्री सोडून त्या भिंतीवर बांधली, दिसायला वाईट पण पाणी निम्म्याहून कमी झालं. पाऊस संपल्यावर, भिंत सुकू दिल्यावर, परांची बांधून काम झालं. गवंड्याने बाहेरून प्लास्टर टकटक वाजवून बघितलं, जिथे पोकळ आवाज आला तिथलं काढलं, खिडकीच्या चौकटीपासून तिरका खाली गेलेला एक बारीक तडा होता, केसाएवढा, सगळं पाणी त्यातूनच, तो व्ही आकारात खोदून पॉलिमर मॉर्टरने भरला आणि वर वॉटरप्रूफ कोट. काम चालू असताना मी खिडकीतून बघत होते, आणि खरं सांगते, एवढ्याशा भेगेने एवढं घर नासवलं यावर विश्वास बसत नव्हता. छज्जाही वरून दुरुस्त केला, त्याचा उतार भिंतीकडे झालेला होता, पाणी बाहेर पडायच्या ऐवजी भिंतीशीच साचायचं.

इथे एक महत्त्वाचं. मालकाची पहिली ऑफर नेहमी असते की आतून पुट्टी मारून रंग देतो. पाणी बाहेरून येत असेल तर आतून केलेलं काहीही टिकत नाही, पाणी पुट्टीच्या मागे येऊन थांबतं आणि पुढच्या पावसाळ्यात तिला ढकलून काढतं. त्याला नाही म्हणा. आधी बाहेरचं, मग भिंत पूर्ण वाळायला आठवडे नाही तर महिनेही लागू शकतात, तेवढं थांबायचं, आणि मग रंग.

आता कायद्याचं, कारण मला सगळ्यात जास्त प्रश्न याचेच येतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, ३१ मार्च २००० पासून लागू. त्याच्या कलम १४ मध्ये म्हटलंय की मालकाने जागा राहण्यायोग्य स्थितीत ठेवायची, आणि किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. वाचायला छान वाटतं. पण आपल्यापैकी बहुतेकांचं ॲग्रीमेंट लिव्ह अँड लायसन्सचं असतं, आणि त्यात आपण कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतोच, लायसन्सी असतो, म्हणजे जागा वापरायची फक्त परवानगी असलेला. कलम १४ चा आधार भाडेकरूला आहे. लायसन्सीचा आधार म्हणजे ॲग्रीमेंटमध्ये जे लिहिलंय ते. त्यामुळे व्हॉट्सॲपवर फिरणारा "भाडं कापून घ्या, कायदा तुमच्या बाजूने आहे" हा सल्ला लिव्ह अँड लायसन्सवाल्यांनी डोळे झाकून पाळू नका, भाडं थकवलं म्हणून उलट आपल्यालाच जागा सोडायची नोटीस येईल. ॲग्रीमेंट लेखी आणि रजिस्टर असलंच पाहिजे हे मात्र कलम ५५ मध्ये आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे, तेव्हा "नोटरी करून टाकू" म्हणणाऱ्या एजंटला तिथेच थांबवा.

केंद्राने २०२१ मध्ये मॉडेल टेनन्सी ॲक्ट आणला. तो राज्याने स्वतः कायदा केल्याशिवाय लागू होत नाही, पण त्याच्या परिशिष्टात दुरुस्तीची वाटणी इतकी स्पष्ट दिलीये की मी सगळ्यांना ती वाचायला सांगते. इमारतीची, भिंतींची मोठी दुरुस्ती, रंगरंगोटी, पाइप बदलणं, वायरिंग हे मालकाकडे, आणि नळाचे वॉशर, तुंबलेलं ड्रेन, स्विच-सॉकेट, खिडकीची काच असल्या रोजच्या गोष्टी भाडेकरूकडे. ही वाटणी दोघांच्या संमतीने ॲग्रीमेंटमध्ये घालायला कुणाची आडकाठी नाही.

माझी मावसबहीण इंग्लंडमध्ये लेस्टरला भाड्याने राहते, तिच्याकडून मला तिकडचं कळलं आणि मग मी शोधून वाचलं. रॉचडेलमध्ये अवाब इशाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये गेला. सोशल हाउसिंगचं, म्हणजे कमी भाड्यात घरं देणाऱ्या संस्थेचं, एका बेडरूमचं घर, भिंतींना बुरशी. वडिलांनी २०१७ पासून तक्रार केलेली, त्यांना सांगण्यात आलं होतं की वरून रंग मारा. घर देणाऱ्या संस्थेने कुटुंबाच्या राहणीवर, अंघोळीच्या पद्धतीवर बोट ठेवलं होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये कॉरोनरने, म्हणजे मृत्यूच्या कारणाची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, निष्कर्ष दिला की घरातल्या बुरशीत दीर्घकाळ राहिल्याने झालेल्या श्वसनाच्या गंभीर आजाराने ते बाळ गेलं. त्याच्या आईवडिलांनी लढा दिला आणि २०२३ मध्ये कायदा झाला, त्याच्या नावाने ओळखला जातो, आणि २७ ऑक्टोबर २०२५ पासून तिथल्या सोशल हाउसिंगला तातडीचा धोका २४ तासांत दूर करावा लागतो, ओल-बुरशीची गंभीर तक्रार असेल तर कामाच्या १० दिवसांत तपासणी, आणि धोका आढळला तर पुढच्या कामाच्या ५ दिवसांत घर सुरक्षित करणं बंधनकारक आहे. हे वाचून मी रात्री बराच वेळ जागी होते, कारण आमचाही मुलगा त्या जुलैत खोकत होता. तुमच्याच राहणीमुळे होतं हे वाक्य तिकडेही तेच आणि इकडेही तेच. आपल्याकडे असे दिवस ठरवून देणारा कायदा व्हायलाच हवा असं मला मनापासून वाटतं.

तब्येतीचं हलक्यात घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच ओल आणि बुरशीवर मार्गदर्शक तत्त्वं काढलीयेत, ओल्या घरात राहणाऱ्यांना दमा आणि श्वसनाचे त्रास जास्त होतात हे त्यात स्पष्ट आहे. आमच्या मुलाचा खोकला औषधाने थांबायचा आणि बंद केलं की परत, डॉक्टरांनी स्वतःहून विचारलं की घरात ओल आहे का. त्याची झोपायची जागा हॉलमध्ये हलवली आणि फरक पडला. घरात लहान मूल, म्हातारं माणूस किंवा दम्याचा पेशंट असेल तर बुरशी असलेल्या खोलीत झोपवू नका, जागेची अडचण झाली तरी.

साफ करताना कोरड्या ब्रशने किंवा झाडूने खरवडू नका, बुरशीचे कण घरभर उडतात. एन-९५ मास्क, हातमोजे, पंखा बंद, आणि साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसायचं, फडकं मग टाकून द्यायचं. टाइल, काच, मार्बल यावर हे पुरतं. प्लास्टरमध्ये मात्र बुरशी आत गेलेली असते, पुसल्याने वरचं जातं एवढंच, पाणी थांबलं नाही तर परत येते. ब्लीच वापरायचं तर एकटंच वापरा, त्यात टॉयलेट क्लीनर, ॲसिड, व्हिनेगर किंवा अमोनियावालं काही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. बंद बाथरूममध्ये तर अजिबात नको. ओली झालेली गादी, उशी वाळवून वापरायचा मोह होतो, पण वास येत राहिला तर काढून टाका. पाणी सांडलं, गळलं तर २४ ते ४८ तासांत ती जागा कोरडी करायची, तेवढ्यात वाळलं तर बुरशी सहसा धरत नाही.

पुरावा ठेवा हे सगळेच सांगतात, मी फक्त एवढंच सांगेन की घरात सामान लावायच्या आधी प्रत्येक भिंतीचा, छताचा, कपाटाच्या आतल्या बाजूचा व्हिडिओ काढून मालकाला त्याच दिवशी मेल करा. डिपॉझिट परत मिळताना वाद होतो तो नेमका याच्यावर. पेंटिंगचे पैसे कापतो म्हणाले की तो व्हिडिओ कामाला येतो. फोनवर बोलणं झालं की लगेच एक मेसेज टाका, काका, आत्ता बोललो त्याप्रमाणे तुम्ही अमुक करणार आहात. त्यात भांडण नसतं, नोंद असते.

आमचं ॲग्रीमेंट रिन्यू झालं, काकांनी भाडं वाढवलं नेहमीसारखं, पण या वेळी मी एक कलम घालून घेतलं आणि त्यांनी काहीही खळखळ न करता सही केली. ते असं आहे (लायसन्सर म्हणजे मालक):

"पावसाचे पाणी, बाहेरील भिंत, गच्ची, वरील मजल्यावरील सदनिका अथवा भिंतीतील पाइप यांमुळे येणारी ओल व गळती दुरुस्त करून घेण्याची जबाबदारी लायसन्सरची राहील. लायसन्सीने फोटोसह लेखी कळविल्यापासून पंधरा दिवसांत लायसन्सर पाहणी करून घेईल. अशा ओलीमुळे खराब झालेला रंग, प्लास्टर वा फर्निचर यापोटी अनामत रकमेतून कोणतीही कपात केली जाणार नाही. दुरुस्तीची व्यवस्था न झाल्यास लायसन्सीस एक महिन्याची सूचना देऊन, लॉक-इन कालावधी लागू न होता, जागा सोडता येईल."

कुणाचं नवीन ॲग्रीमेंट होणार असेल तर हे असंच्या असं उचला, परवानगी विचारायची गरज नाही. फक्त टोकन द्यायच्या आधी एजंटला सांगा की ड्राफ्टमध्ये हे हवं, कारण थंब द्यायला बसल्यावर कुणी ऐकत नाही.